कोळी परत का आला? चिनी गोष्टींतलं घर आणि हरवलेलं गाव

नदीकाठ

चिनी साहित्यातल्या आदर्श जागेबद्दल बोलायचं तर ताओ युआनमिंग या कवीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्याने इ.स. ४२१च्या सुमारास लिहिलेली 'पीचफुलांच्या झऱ्याची नोंद' मूळ चिनीत जेमतेम सव्वातीनशे अक्षरांची आहे. तिथल्या शाळेत ती आजही शिकवतात. माहीत नसणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

वूलिंगचा (म्हणजे आजच्या हुनान प्रांतातल्या चांगदच्या बाजूचा) एक कोळी मासे धरत ओढ्याने वर वर जातो. किती लांब आलो याचं भान राहत नाही. अचानक दोन्ही काठांना पीचची झाडं लागतात. काहीशे पावलं दुसरं एकही झाड नाही, खाली कोवळं गवत आणि त्यावर पाकळ्यांचा सडा. राई संपते तिथे झऱ्याचा उगम, समोर डोंगर आणि डोंगरात एक फट. आतून उजेड आल्यासारखा वाटतो. होडी तिथेच सोडून गडी आत शिरतो. सुरुवातीला अंग चोरून जावं लागतं, मग एकदम मोकळं रान. सपाट जमीन, नीट मांडलेली घरं, शेतं, तळी, तुती, बांबू. कोंबड्या-कुत्र्यांचे आवाज. म्हातारी माणसं आणि पोरं मजेत.

गावकरी त्याला पाहून दचकतात, पण घरी नेतात, दारू काढतात, कोंबडी कापतात. छिन राजवटीच्या धामधुमीत आमचे पूर्वज बायकापोरांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन इथे आले, ते पुन्हा बाहेर पडलेच नाहीत, असं सांगतात. सध्या कुणाचं राज्य आहे, असं विचारतात. मधे हान घराणं चारशे वर्षं नांदून गेलं हेसुद्धा त्यांच्या गावी नाही, मग त्यानंतरची वेई आणि जिन घराणी तर दूरच.

काही दिवस घरोघरी पाहुणचार झोडून कोळी निघतो. निरोप देताना गावकरी एवढंच म्हणतात की बाहेर कुणाला सांगण्यासारखं यात काही नाही. हा पठ्ठ्या बाहेर पडल्या पडल्या वाटेवर जागोजागी खुणा करत सुटतो आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जाऊन सगळं ओकतो. अधिकारी माणसं पाठवतो. खुणा सापडत नाहीत. पुढे नानयांगचा ल्यू त्सजी नावाचा एक सज्जन विद्वान तिथे जायचा बेत करतो, पण जाणं होण्याआधीच आजारी पडून मरतो. त्यानंतर कुणी वाट विचारली नाही. संपली गोष्ट.

मला यात पहिल्यापासून आवडतं ते हे, की त्या गावात नवल असं काहीच नाही. सोन्याची कौलं नाहीत, अमृत नाही. कपडेसुद्धा बाहेरच्यांसारखेच, असं ताओ मुद्दाम लिहितो. मग फरक काय? तो गोष्टीसोबतच्या कवितेत सापडतो: सुगी झाली तरी राजाचा सारा भरायचा नाही. पंचांगही नाही, चार ऋतू आपापलं वर्ष पुरं करतात. हे लिहिणारा माणूस स्वतः सरकारी नोकरीत होता. इ.स. ४०५मध्ये फंगत्स नावाच्या तालुक्याचा प्रमुख म्हणून त्याने उणेपुरे ऐंशी दिवस काढले. वरून तपासणी अधिकारी येणार, पोशाख-कमरपट्टा नीट बांधून मुजरा करा, असा निरोप आला. पाच तौ (धान्याचं माप) तांदळाच्या पगारासाठी असल्या पोरासोरांपुढे मी वाकणार नाही, म्हणाला आणि घरी येऊन शेती करू लागला. साऱ्याचा हिशोब कसा वर जातो आणि त्याखाली कोण दबतं, हे त्याने खुर्चीत बसून पाहिलेलं होतं.

आता माझा प्रश्न. कोळी परत का आला? त्याला 'जा' कुणी म्हटलं नव्हतं. मूळ मजकूर याबद्दल अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं असं, की चिनी गोष्टींत आदर्श जागा सापडायला फार कष्ट पडत नाहीत. माणूस चुकून तिथे पोचतो. अडतं ते घराशी. तिथे राहायचं तर घर सुटतं आणि घराकडे पाऊल टाकलं की ती जागा जाते. थ्यानथाय डोंगरातल्या ल्यू छेन आणि रुआन चाओची जुनी गोष्ट घ्या. दोघं मित्र वाट चुकतात, पीच खाऊन भूक भागवतात, दोन अप्सरा भेटतात, सहा महिने संसार होतो. घरची ओढ लागते म्हणून परततात, तर गावात ओळखीचं कुणी नाही. भेटतात ते सातव्या पिढीचे वंशज.

आणि मग अठराव्या शतकातलं 'लाल हवेलीचं स्वप्न'. छाओ श्युएछिनच्या या कादंबरीतली महादर्शन बाग कशासाठी बांधली जाते? घरची थोरली लेक युआनछुन बादशहाच्या जनानखान्यात आहे. तिला एका रात्रीपुरती माहेरी यायची परवानगी मिळते, म्हणून! ती येते, आजी आणि आई यांना धरून रडते, बापाशी मात्र पडद्याआडून बोलायचं, कारण बाप आता तिचा प्रजाजन. मीठ-भाजी खाणारी शेतकऱ्याची माणसं बरी, निदान एकत्र तरी असतात, असं ती म्हणते आणि पहाटेपूर्वी पालखी परत जाते. नंतर तिच्याच हुकमाने घरातल्या मुली आणि तिचा धाकटा भाऊ, कादंबरीचा नायक बाओयू, त्या रिकाम्या बागेत राहायला जातात आणि तिथे काही काळ खरोखर स्वर्ग नांदतो.

त्यातला तेविसाव्या प्रकरणातला एक प्रसंग पाहा. बाओयू पीचच्या झाडाखाली चोरून आणलेलं पुस्तक वाचत बसलाय. वारा येतो, पाकळ्या त्याच्यावर आणि पुस्तकावर पडतात. पायदळी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून तो त्या ओंजळीने पाण्यात सोडतो, त्या तरंगत बांधाकडे जातात. तेवढ्यात खांद्यावर फावडं घेऊन त्याची आतेबहीण दाइयू येते. म्हणते, पाण्यात टाकू नकोस. इथलं पाणी स्वच्छ आहे, पण बागेबाहेर लोकवस्तीत गेलं की घाण होतं, फुलं तिथे नासतील. तिने कोपऱ्यात फुलांसाठी एक थडगं केलंय, रेशमी पिशवीत भरून ती त्यांना पुरते.

ताओनंतरच्या कवींनी वाहत आलेल्या पीचच्या पाकळ्यांवरून त्या गावाचा माग काढायचा प्रयत्न केला होता. ही पोरगी पाकळी बाहेर जाऊच देत नाही. ताओला मनोमन उत्तर देत हा प्रसंग लिहिलाय असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

बाकीच्यांना काय वाटतं? चिनी वाचणारे-पाहणारे लोक इथे आहेत हे ठाऊक आहे.

चहाटळ

कोळी परत आला कारण बक्षीस. दुसरं काय? साहेबाकडे धावत गेला यातच आलं. तो आजच्या काळात असता तर फटीत शिरायच्या आधी फोटो टाकून मोकळा झाला असता.

शेंगदाणा

लेख आवडला. ल्यू त्सजीबद्दल अजून लिहा ना. बिचारा निघण्याआधीच गेला.

बोरूबहाद्दर

नदीकाठ, या गोष्टीवरचा चिनी लोकांचा आपसातला वाद गोष्टीइतकाच मजेशीर आहे.

कवी वांग वेईने एकोणिसाव्या वर्षी यावर कविता केली आणि गावकऱ्यांना थेट सिद्धपुरुष करून टाकलं. थांग काळात सगळ्यांनाच अमरत्वाचं वेड होतं, त्याला तो काय करणार. हान यूने उलट सांगितलं की सिद्ध आहेत की नाहीत कुणी पाहिलंय, ही सगळी पीचगावाची कथाच भंपक. पण मुद्द्याला हात घातला तो नंतरच्या सोंग काळातल्या सू शी या कवीने. त्याचं म्हणणं, अहो, कोंबडी कापलीय की! सिद्धपुरुष कधी जीव मारतात का? ते साधे शेतकरी, छिनच्या वेळी पळून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. सू शीचं हे मला फार आवडतं. एवढ्या काव्यमय गोष्टीतून त्याने नेमकी कोंबडी उचलली.

आणि वांग आनशी. हा तर पुढे सोंग साम्राज्याचा पंतप्रधान झाला, करपद्धतीतच मोठे बदल केले. त्याची ओळ अशी, की तिथे बाप-लेक आहेत, पण राजा-प्रजा नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेत ही दोन नाती एका दमात म्हणायची असतात. त्यातलं एक ठेवायचं आणि एक उडवायचं, हे पंतप्रधानकीच्या माणसाने म्हणावं!

इतिहासाच्या अंगाने पाहायचं तर इतिहासकार चेन यिनकने १९३६मध्ये मांडलं की ताओने हवेतून काही काढलेलं नाही. उत्तरेत युद्धांच्या काळात लोक कुळंच्या कुळं घेऊन डोंगरात तटबंदी करून राहत. पाणी असेल, शेती होईल आणि वाट अरुंद असेल अशी जागा शोधायची. ती अरुंद फट म्हणजे चमत्कार नव्हे, बचावाची सोय. हे पटलं तर गोष्टीचा सूरच बदलतो. मग कोळी हा पाहुणा राहत नाही, धोका ठरतो. गावकरी त्याला इतकं प्रेमाने का जेवू घालतात ते पुन्हा वाचून बघा.

उंबरठा

धागा छान, पण नदीकाठ, 'अडतं ते घराशी' हे पुरुषांच्या गोष्टींपुरतं झालं. ताओच्या गोष्टीत बायका फक्त 'आणल्या' गेल्यात. पूर्वजांनी बायकापोरं आणली, बस्स. त्यांना विचारलं असतं तर त्यांचा पीचगाव निराळा निघाला असता.

युआनछुनचं तुम्ही नेमकं टिपलंत. मी पुढचं सांगते. बागेत मुली सुखी आहेत कारण त्यांची लग्नं व्हायचीत. बागेबाहेर सासर आहे. म्हणजे तिथे मुदत संपायची वाट पाहणं चाललंय. आणि ती बाग फुकट चालत नाही. छप्पन्नाव्या प्रकरणात युआनछुनची बहीण तानछुन हिशोब काढते, बांबू, भात, फुलं, सगळं म्हाताऱ्या मोलकरणींना देखभालीला वाटून देते आणि वर्षाला चारशे तोळे (चिनी तोळे, ल्यांग) चांदी वाचवते. ते प्रकरण मला दाइयूच्या फुलांपेक्षा जास्त आवडतं. लोक कंटाळतात तिथे. पुढे चौऱ्याहत्तराव्यात घरातल्याच बायका रात्री कंदील घेऊन बागेची झडती घेतात, तेव्हा हीच तानछुन म्हणते की आपल्यासारखं घराणं बाहेरून मारून एकदम मरत नाही, आधी आतून मारायला सुरुवात व्हावी लागते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर ली रुचनची 'आरशातली फुलं' विसरू नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची कादंबरी, तीन माणसं जहाजाने देशोदेशी फिरतात. सज्जनांच्या देशात बाजारात भांडण चालू असतं: गिऱ्हाईक म्हणतं इतका उत्तम माल इतक्या स्वस्तात घेऊन मला झोप कशी लागेल, भाव वाढव. दुकानदार म्हणतो आधीच जास्त सांगितलाय, वर लाजवू नका. सौदा काही केल्या जुळत नाही. आणि बायकांच्या राज्यात लिन चियांग नावाचा व्यापारी राणीसरकारांना (त्या तिथे 'राजा' आहेत) आवडतो, तर त्याला जनानखान्यात घालून कान टोचतात, पाय बांधतात. बोटं दुमडून पट्ट्या आवळतात, तो ओरडतो, पट्ट्या फाडतो, मार खातो. आदर्श देश दाखवता दाखवता लेखक घरी चाललेला प्रकार पुरुषाच्या पायावर करून दाखवतो.

चहाटळ

सज्जनांच्या देशात आमच्या मंडईतल्या काकूंना सोडलं पाहिजे. दोन मिनिटांत सौदा होईल.

शेंगदाणा

मला एक कळत नाही. हे सगळं पळून जाणंच नाही का? गाव शोधा, डोंगरात लपा, बागेत फुलं पुरा. चिनी गोष्टींत कुणी उभं राहून भांडत नाही का?

बोरूबहाद्दर

भांडतात की. 'जलकाठ' ही जुनी कादंबरी वाचा. ल्यांगशान नावाची पाणथळ, तिच्यात १०८ बंडखोरांचा अड्डा. कुणी खून करून आलेला, कुणी अन्यायाने देशोधडीला लागलेला. लुटीचा माल वाटून घेतात, एकमेकांना भाऊ म्हणतात. पण म्होरक्या सोंग ज्यांगचं चित्त कायम दरबाराकडे. बादशहाची माफी मिळावी आणि सन्मानाने परत जावं, एवढंच त्याला हवं असतं. ली ख्वेइसारखे रांगडे गडी बोंबलून विरोध करतात. शेवटी माफी मिळते, सरकारसाठी लढाया होतात, त्यात बहुतेक भाऊ मरतात आणि सोंग ज्यांगला दरबारातून विषारी दारू येते.

माझ्या मते नदीकाठ म्हणतात त्या कोळ्याचा सख्खा भाऊ शोधायचा तर हा. दोघंही सुरक्षित जागेची वाट स्वतःहून सरकारला दाखवतात.

पळण्याबद्दल आणखी एक उदाहरण, माकडाचं. 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या कादंबरीतला सुन वुखोंग धबधब्यातून उडी मारतो तर मागे कोरडी गुहा, दगडी पलंग, चूल, भांडीकुंडी. सगळ्या माकडांना बोलावतो की चला, आता पावसापाण्याची, आभाळाच्या लहरीची कटकट नाही. अस्सल पीचगाव. आणि तिथे राजा होऊन चैन करताना एक दिवस तो रडायला लागतो, की इथे सगळं आहे, पण एक दिवस मरायचंच आहे ना! पुढची सगळी भटकंती त्यातून सुरू होते. आदर्श गाव पुरत नाही म्हणून निघालेला चिनी साहित्यातला बहुधा हा एकमेव इरसाल गडी.

मुक्काम_पोस्ट

कामानिमित्त काही वर्षं चांगशामध्ये होतो, त्यामुळे चांगदचा 'खरा' पीचगाव पाहून आलोय. तिकीट आहे, अर्थातच. डोंगरातली फट आहे, तिच्यातून आत जायचं. आत जुन्या काळच्या पोशाखातली माणसं शेती करून दाखवतात. वर नदीकाठने लिहिलंय ना, कपडे बाहेरच्यांसारखेच होते म्हणून? नेमकं तेवढंच तिथे उलटं केलंय. चाखण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला कुटलेला चहा. चहाची पानं, आलं, तीळ, शेंगदाणे असं सगळं मातीच्या खरबरीत भांड्यात लाकडी दांड्याने कुटतात, वर गरम पाणी. सोबत दहा-बारा वाट्यांत चटकमटक. चव आपल्याला ओळखीची वाटते, आल्यामुळे असेल.

शिवाय छोंगछिंगमधलं योउयांगही म्हणतं की ताओचं गाव ते आमचंच. त्यांचीही गुहा आहे, त्यांचंही तिकीट आहे.

याच मुलखातला लेखक शन त्सोंगवेन. १९३४ची 'सीमेवरचं गाव' ही त्याची छोटी कादंबरी बऱ्याच जणांना चिनी भाषेतला आधुनिक पीचगाव वाटते. छातोंग गावाजवळ ओढ्यावर एक म्हातारा नावाडी, त्याची नात आणि एक पिवळा कुत्रा. तर (ओढा ओलांडायची होडी) सार्वजनिक, म्हणून म्हातारा कुणाकडून पैसे घेत नाही. कुणी बळेच टाकून गेलं तर त्या पैशांची चहापत्ती आणि तंबाखू आणून प्रवाशांनाच वाटतो. सगळी माणसं चांगली, एकही खलनायक नाही, आणि तरी सगळं मोडतं, कारण कुणी कुणाशी धड बोलत नाही. वादळी रात्री म्हातारा जातो आणि पोरगी शेवटी तर चालवत एकाची वाट पाहत राहते.

पण हाच शन त्सोंगवेन त्याच सुमारास होडीने युआन नदी चढून घरी गेला, त्या प्रवासाचे लेख वाचा. त्यात तो म्हणतो, हजार वर्षं सगळे शिकलेले लोक आमच्या थाओयुआनकडे (चांगदच्या बाजूच्या या पीचगावाच्या मुलखाकडे) त्या गोष्टीतून पाहतात, इथे राहणाऱ्यांपैकी मात्र एकालाही आपण कुणा सिद्धाचे किंवा छिनच्या निर्वासितांचे वंशज आहोत असं वाटत नाही. आणि मग धक्क्यावरच्या वेश्या आणि खलाशी यांच्याबद्दल लिहितो. स्वप्नाचं गाव आणि प्रत्यक्षातला धक्का, दोन्ही एकाच माणसाने एकाच वर्षाच्या आगेमागे लिहिले. गंमत म्हणजे छातोंगचं सरकारी नाव आता कादंबरीवरूनच ठेवलंय.

नावांची तर वेगळीच कथा. युन्नानमधल्या चोंगत्यान तालुक्याचं २००१मध्ये 'शांग्री-ला' केलं. ते नाव १९३३च्या इंग्रजी कादंबरीतल्या काल्पनिक स्वर्गाचं, ब्रिटिश लेखकाच्या डोक्यातलं. २०१४च्या जानेवारीत तिथल्या जुन्या गावाला आग लागून बराच भाग खाक झाला.

तळ्यातमळ्यात

घराबद्दल सगळे बोलतायत आणि कथाकार लू श्युनचं नाव नाही?

१९२१ची 'माझं जुनं गाव'. निवेदक वीसेक वर्षांनी गावी येतो, कायमचं राहायला नव्हे, घर विकून आईला घेऊन जायला. (लू श्युनने स्वतः १९१९च्या अखेरीस शाओशिंगचं घर असंच आवरलं.) त्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं आहे: समुद्रकाठच्या वाळूत कलिंगडाचं रान, वर चांदणं, अकरा-बारा वर्षांचा रुनथू गळ्यात चांदीचं कडं घालून हातातल्या लोखंडी भाल्याने कलिंगडं खाणाऱ्या जनावराला टोचतोय. हाच त्याचा स्वर्ग, आणि तो त्याने स्वतः कधी पाहिलेलासुद्धा नाही! रुनथूने सांगितला तेवढाच. मग खरा रुनथू येतो. चेहऱ्यावर सुरकुत्या, हात सालपटासारखे. तोंड उघडतो आणि म्हणतो, 'मालक...'

त्या एका हाकेत घर संपतं. नंतर रुनथू सामानातून काय मागतो तर दोन टेबलं, चार खुर्च्या, उदबत्तीचं पात्र आणि समया, तराजू, आणि चुलीतली सगळी राख, शेताला खत म्हणून. त्या राखेच्या ढिगात लपवलेली ताटं-वाट्या सापडतात आणि शेजारची यांगवहिनी म्हणते रुनथूनेच लपवली असणार. कुणी लपवली ते लू श्युन सांगत नाही.

थांग काळातल्या ह चिचांगची छोटी कविताही इथे बसते. ऐंशी उलटल्यावर गावी परतलाय. बोली तीच, केस पिकलेले. गावातली पोरं हसून विचारतात, पाहुणे, कुठून आलात? पीचगावात परक्याला घरी नेऊन जेवू घालतात आणि स्वतःच्या गावात माणूस पाहुणा ठरतो. नदीकाठ, तुमच्या कोळ्याला बाहेर आल्यावर कुणी ओळखलं का, हेही ताओ सांगत नाही.

नदीकाठ

उंबरठा, मुद्दा मान्य, पण पुरता नाही. युआनछुनला घर हवंच आहे, तिला ते मिळू दिलं जात नाही. घराची ओढ पुरुषांची आणि सुटकेची ओढ बायकांची अशी वाटणी छाओ श्युएछिन करत नाही.

बोरूबहाद्दर, तटबंदीचं वाचून अंगावर काटा आला. 'कुणाला सांगण्यासारखं यात काही नाही' हे वाक्य मी आजवर नम्रतेचं समजून वाचत आलो. ती विनवणी असू शकते.

बोरूबहाद्दर

आणखी एक भर घालतो, कारण याचा धागा भारताशी जुळतो. कांग योउवेई, १८९८च्या फसलेल्या सुधारणांचा पुढारी. डोक्यावर बक्षीस लागलेलं, देश सुटलेला. हा माणूस १९०१-०२मध्ये दार्जिलिंगला येऊन राहिला आणि तिथे त्याने 'महाएकतेचं पुस्तक' हातावेगळं केलं. पूर्ण छापून आलं १९३५मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी.

महाएकता हा शब्द प्राचीन 'विधिग्रंथा'तला. तिथलं चित्र साधं आहे. जग सर्वांचं, आपल्याच आईबापांना तेवढं आईबाप मानायचं नाही, रात्री दार लावायची गरज नाही. कांगने ते टोकाला नेलं. देशांच्या सीमा काढा, वर्ग काढा, आणि कुटुंबही काढा. लग्नाऐवजी करार, कमीत कमी महिन्याचा आणि जास्तीत जास्त वर्षाचा. मुलं सार्वजनिक संस्थांत वाढणार, म्हातारेही तिथेच. दुःखाचं मूळच घर, असं त्याचं निदान.

ताओने राजा काढून घर ठेवलं, कांगने घरच काढलं. आणि हे लिहिताना तो स्वतः घरापासून हजारो मैलांवर, मुलीसोबत हिमालयात. मला त्याची थोरवी पटते, पण मला तिथे राहायला सांगू नका.

चहाटळ

एक महिन्याचा करार. भाडेकरूलाही अकरा देतात हो.

मुक्काम_पोस्ट

सिनेमा राहिला. दिग्दर्शक ज्या चांगख यांचा २००६चा 'थ्री गॉर्जेसची भली माणसं', ज्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. शान्शीचा एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधत फंगच्ये या नदीकाठच्या शहरात येतो. हातात सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर पत्ता. मोटारसायकलवाला पैसे घेऊन त्याला नदीकाठी आणतो आणि पाण्याकडे बोट दाखवतो, ते बघ, तिकडे, बुडालं. थ्री गॉर्जेस धरणाचं पाणी चढतंय, वरचं शहर मजूर घण मारून पाडतायत.

त्यात एक छोटं दृश्य आहे. तुझं गाव कुठलं यावर बोलणं चालू असतं. फंगच्येचा माणूस म्हणतो, दहाच्या नोटेवर बघ. तिच्यावर ख्वेइमनची खिंड छापलीय. हा आपल्याकडची पन्नासची काढतो, तिच्यावर हुखौचा धबधबा, त्याच्या बाजूचा. नंतर तो खिंडीसमोर उभा राहून नोट डोळ्यांसमोर धरतो आणि समोरच्या डोंगराशी ताडून बघतो. त्या धरणाने दहा-बारा लाखांहून अधिक माणसं उठवली. त्यांचं गाव आता नोटेवर आहे.

शेंगदाणा

हे वाचून कोयना आठवली. आजोळ पाण्याखाली गेलेल्यांच्या घरी वाढलोय.

नदीकाठ

शेंगदाणा, यावर वेगळा धागा काढाच. इथे दोन ओळींत उरकू नका.

उंबरठा

ल्यू त्सजीबद्दल कुणीतरी विचारलं होतं. त्याला तैवानमध्ये न्याय मिळाला.

नाटककार लाय शेंगच्वान यांचं १९८६चं नाटक, 'गुप्त प्रेम आणि पीचगाव'. १९९२मध्ये त्यांनीच सिनेमा केला. नाट्यगृहवाल्यांच्या घोळामुळे दोन मंडळ्यांना एकाच वेळी एकच रंगमंच तालमीला मिळालाय. एका मंडळीचं नाटक गंभीर: शांघायमध्ये १९४८ साली प्रेमात पडलेले दोघं युद्धाच्या पळापळीत तुटतात. दोघंही तैपेईत येऊन राहतात, चाळीसेक वर्षं, एकमेकांना पत्ताच नसतो. म्हातारा मरणाच्या दारात असताना वर्तमानपत्रात जाहिरात देतो. हे नाटक आलं तेव्हा मुख्य भूभागातून आलेल्या सैनिकांना घरी जायची मुभासुद्धा नव्हती, ती १९८७च्या अखेरीस मिळाली. त्या प्रेक्षकांना 'घर' म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना करा. (याच माणसांवर बाय श्येनयोंगच्या 'तैपेईची माणसं' या १९७१च्या कथा आहेत. क्वेइलिनच्या शेवयांच्या खानावळीची एक कथा तेवढी वाचा, बाकी नंतर.)

दुसऱ्या मंडळीचं नाटक म्हणजे ताओच्या गोष्टीचा फार्स. आणि इथे कोळ्याला बायको आहे! तिचं घरमालक युआनशी सूत जुळलेलं. कोळी वैतागून वर प्रवाहाकडे निघतो, पीचगावात पोचतो, तर तिथे एक जोडपं, हुबेहूब बायको आणि युआनच, पण शांत, गोड, पांढऱ्या कपड्यांतलं. काही काळ राहतो आणि शेवटी परत येतो. कशासाठी? तर बायकोलाही इकडे घेऊन जावं म्हणून. घरी येऊन बघतो तर ती युआनसोबत, कडेवर पोर, आणि दोघांची कचाकचा भांडणं चाललेली. ताओने सोडलेली जागा लाय यांनी अशी भरली.

आणि या सगळ्या गोंधळात एक बाई अधूनमधून रंगमंचावर येते. दोन्ही मंडळ्यांशी तिचा संबंध नाही. ती ओरडून एकालाच शोधत असते: ल्यू त्सजी! ल्यू त्सजी कुठाय? तो येणार होता म्हणे. तिला कुणी हाकलतं, कुणी समजावतं. तो शेवटपर्यंत येत नाही.

तळ्यातमळ्यात

बाप रे. सिनेमा शोधतो आजच.

शेंगदाणा

नदीकाठ, 'लाल हवेली' सुरू करायची आहे. जाड आहे असं ऐकलंय. कुठून धरू?

नदीकाठ

इंग्रजीत डेव्हिड हॉक्स यांचे खंड घ्या, एकूण पाच आहेत, शेवटचे दोन जॉन मिनफर्ड यांचे. पहिल्या पाच प्रकरणांत दगड, भिक्षू, स्वप्न असं सगळं अंगावर येईल, थांबू नका. सहाव्यात ल्यूआजी नावाची गरीब खेडूत म्हातारी हवेलीत मदत मागायला येते, तिथून गाडी रुळाला लागते. एकोणचाळिसाव्यात ती पुन्हा येते आणि चाळिसाव्यात सगळी बाग तिच्या डोळ्यांनी दिसते. पिऊन ती बाओयूच्या पलंगावर घोरत पडते ते पुढच्याच प्रकरणात. आणि वंशावळ एका कागदावर काढून पुस्तकात ठेवा, नाहीतर कोण कुणाची मावसबहीण यातच अडकाल.

शेंगदाणा

कागद घेतला. सर्वांत वर कोण?

उंबरठा

थोरल्या आजीचं नाव घाला. तिचे दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी लवकर जाते, तिची लेक दाइयू. युआनछुन, तानछुन आणि बाओयू ही धाकट्या मुलाची. नोकरांसाठी वेगळा कागद घ्या, ती नावंही लागणार आहेत.